राखेचं वजन

दहा किलो पेलेट, म्हणजे भुसा-भुसकट दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, जाळून झाल्यावर मागे किती राख उरते? वखारीतल्या निव्वळ लाकडाच्या भुशाचे, साल-माती न मिसळलेले पेलेट असतील तर शंभर ग्रॅमच्या आसपास. एका वाडग्यात मावते. चिमटीत धरली तर पिठाच्या गिरणीत खिडकीवर बसतं तसल्या उडत्या पिठासारखी, करडी-पांढरी, हाताला वजन न जाणवणारी. इगतपुरी-घोटीकडच्या भातगिरणीतल्या तुसाचे दहा किलो पेलेट जाळले, तर तीच राख पावणेदोन-दोन किलो भरते. तिच्यातला प्रत्येक पेलेट आपला आकार धरून बसलेला दिसतो. तीच लांबी, तीच गोलाई, रंग तेवढा बदललेला. उचलायला जावं तर बोटात चुरा होतो. तुसातली वाळू, म्हणजे सिलिका, जळत नाही. पेलेटमधलं जळणारं सगळं निघून जातं आणि सिलिकेचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो.

इंधनाचा व्यापार मात्र उष्णतेच्या भाषेत चालतो. ‘जीसीव्ही किती?’, म्हणजे किलोमागे एकूण उष्णता किती किलोकॅलरी, हा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न आणि ‘चार हजाराच्या वर’ हे देणाऱ्याचं ठरलेलं उत्तर. घेणारा नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यातला बॉयलरवाला असो, फरसाणाच्या भट्टीवाला असो की मिसळीचा रस्सा सकाळपासून उकळता ठेवणारा हॉटेलवाला, विचारणा तीच. ही विचारणा अर्धवट आहे असं माझं ठाम मत आहे. पेलेटची तुलना करायची तर आधी ओल आणि राख विचारावी. उष्णतेचा आकडा त्या दोघांतून आपोआप निघतो.

कोणत्याही झाडाचं खोड घ्या, गवत घ्या, शेंगेचं टरफल घ्या. त्यातलं पाणी आणि राख बाजूला काढली की जे जळणारं उरतं ते जवळपास सारख्याच मालाचं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. या कोरड्या, बिनराखेच्या भागाची उष्णता किलोला साधारण ४,७०० किलोकॅलरी धरता येते. राळ किंवा लिग्निन जास्त असेल तर आकडा थोडा वर जातो, नाहीतर थोडा खाली. फार हलत नाही. आता हिशेब मांडू. भुशाच्या चांगल्या पेलेटमध्ये ओल ८ टक्के, राख १ टक्का. जळणारा भाग राहिला ९१ टक्के. ४,७०० ला ०.९१ ने गुणलं की ४,२७७. भुईमुगाच्या टरफलांत ओल ९, राख ४ धरली तर ४,०८९. सोयाबीनच्या भुसकटात ओल १० आणि राख ७ असेल तर ३,९०१. तुसात ओल ९, राख १८. आकडा उतरतो ३,४३१ वर. प्रयोगशाळेतले अहवाल याच आकड्यांच्या आगेमागे फिरतात. पीक बदललं म्हणून आग बदलली असं वाटतं, पण खरं तर राख आणि पाणी बदललेलं असतं.

म्हणून साध्या, न भाजलेल्या पेलेटला कुणी ५,००० जीसीव्ही सांगत असेल तर थांबून विचारावं. भट्टीत आधी भाजून काळे केलेले पेलेट असतील, काजूच्या टरफलांसारखा तेलकट माल मिसळला असेल, तर तो आकडा शक्य आहे. दोन्ही नसेल तर नमुन्यात प्लास्टिक किंवा तत्सम काहीतरी आहे, किंवा अहवाल पूर्ण सुकवलेल्या नमुन्याचा आहे. अहवालावर आकडा ‘आला तसा माल’ या पायावर दिलाय की ‘सुकवलेल्या माला’वर, हे एक वाक्य वाचायला विसरू नये. दहा टक्के ओलीच्या मालात तेवढ्यानेच चारशेहून जास्त किलोकॅलरीचा फरक पडतो.

शिवाय जीसीव्ही ही चुलीला मिळणारी उष्णता नव्हे. लाकडात सहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो. तो जळून त्याचं पाणी होतं आणि ते वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. भुशाच्या एक किलो पेलेटमागे असं अर्ध्या किलोच्या घरात पाणी तयार होतं, त्यात मूळची ८० ग्रॅम ओल मिळवायची. एवढ्याची वाफ करण्यात सव्वातीनशे-साडेतीनशे किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणून ४,२७७ च्या पेलेटची निव्वळ उष्णता ३,९५० च्या आसपास येते. युरोपात घर गरम करायच्या शेगड्यांसाठी एनप्लस ए१ हा वरचा दर्जा आहे. त्यात निव्वळ उष्णता किलोला किमान ४.६ युनिट लागते, म्हणजे ३,९५६ किलोकॅलरी. आपल्या वखारीतला स्वच्छ भुसा उष्णतेत तिथवर पोचतो. अडतो तो राखेवर, कारण त्या दर्जात राख जास्तीत जास्त ०.७ टक्के चालते. त्यांचा माल बहुतेक स्प्रूस-पाइनच्या सोललेल्या खोडाचा. आपल्याकडे साग, बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ एकत्र चिरली जातात आणि साल बहुधा भुशातच पडते. खोडाच्या गाभ्यात राख एक टक्क्याच्या आत असली तरी सालीत ती कित्येक पट असते.

वखारीच्या भुशाबद्दल आणखी एक. सगळा भुसा लाकडाचा नसतो. फर्निचरच्या कारखान्यातल्या भुशात प्लाय आणि एमडीएफची पूड असते. तिच्यातला डिंक फॉर्माल्डिहाइडचा. औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या पाइनच्या खोक्यांचा भुसा हलका, राळयुक्त आणि राखेला फार कमी, पण खोक्यावरचा शिक्का बघून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं लाकूड, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. त्याला स्वयंपाकाच्या चुलीजवळ आणू नये. रंग, लॅमिनेट, खिळे असलेल्या फळ्यांचंही तेच.

नाशिकचं खास म्हणावं असं जळण म्हणजे द्राक्षाच्या काड्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालते. खरड छाटणीत फळ देऊन गेलेल्या जाड, पिकलेल्या काड्या निघतात. गोडी छाटणीत शेंड्याकडच्या बारीक. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात बांधावर त्यांचे ढीग लागतात. खरं सांगायचं तर या काड्या यंत्राने बारीक करून ओळींत आच्छादन म्हणून टाकणं जमिनीच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं. पण जिथे त्या पेटवूनच दिल्या जातात, तिथे पेलेट करणं उघड्यावर जाळण्यापेक्षा निश्चित बरं. काडी घट्ट लाकडाची, उष्णता टरफलांच्या तोडीची. राख मात्र तीन-चार टक्के, कारण काडी जितकी बारीक तितका तिच्यात सालीचा वाटा मोठा.

आणि त्या सालीवर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, इतर ताम्रयुक्त औषधं, गंधक. तांबं जळत नाही. काडीत किलोमागे ५० मिलिग्रॅम तांबं आहे असं धरलं आणि राख तीन टक्के पडली, तर तेच तांबं राखेत किलोमागे सोळाशे मिलिग्रॅमच्या वर जमा होतं. राख म्हणजे आटवलेला माल. दूध आटवून खवा होतो तसं जे न जळणारं असेल ते तिच्यात घट्ट होत जातं. शिवाय धुरात क्लोरीनही असेल तर तांब्याच्या संगतीने डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार व्हायला मदत होते. त्यामुळे काड्यांचे पेलेट उंच धुराडं असलेल्या बॉयलरमध्ये चालतील. बंदिस्त स्वयंपाकघरात, उघड्या भगोण्याखाली मी ते सुचवणार नाही. शिवाय मंडपाच्या तारेचे तुकडे, सुतळी, ठिबकच्या नळीचे कापे काड्यांबरोबर येतात. तार डायमध्ये, म्हणजे पेलेट दाबून काढणाऱ्या साच्यात, गेली तर यंत्राचं नुकसान, नळीचा कापा चुलीत गेला तर विषारी धूर.

राखेचा दुसरा उगम माती. हा भाग झाडाच्या हातात नाही, माणसाच्या हातात आहे. मळणी यंत्राच्या तोंडातून थेट गोणीत भरलेलं सोयाबीनचं भुसकट आणि तेच भुसकट शेतात दोन दिवस पडल्यावर दाताळ्याने ओढून गोळा केलेलं, यांच्या राखेत मोठा फरक असतो. मालेगावकडची पऱ्हाटी मुळासकट उपटली तर मुळांत काळ्या मातीची ढेकळं येतात. जमिनीच्या वर चार बोटं कापली तर येत नाहीत. काळी माती ओली असताना काय चिकटते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

ही माती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, काचेचा एक पेला पुरतो. पेल्यात पाणी घ्यायचं आणि चार-पाच पेलेट सोडायचे. घट्ट दाबलेला पेलेट सरळ तळाला जातो. तरंगत राहिला तर दाब कमी पडलेला आहे. थोड्याच वेळात बारीक बुडबुडे निघतात, पेलेटच्या अंगावर आडव्या चिरा पडतात आणि तो चकत्या-चकत्यांनी उलगडत फुगत जातो. दहा-पंधरा मिनिटांत पेल्यात नुसता भिजलेला भुसा उरतो. चमच्याने ढवळायचं, क्षणभर थांबायचं आणि वरचा गढूळ भुसा पाण्याबरोबर हलकेच ओतून टाकायचा. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. तांदळातले खडे रोळून काढतात तसं तीन-चार वेळा रोळलं की पेल्याच्या तळाशी जे राहतं ते बोटाने काचेवर घासून बघायचं. करकर वाजलं तर वाळू. काळपट, गुळगुळीत, नखात शिरणारा थर असेल तर चिकणमाती. चांगल्या भुशाच्या पेलेटमध्ये तळ जवळपास स्वच्छ राहतो. तूस याला अपवाद आहे, कारण त्याची सिलिका तुसाच्या अंगातच असते, पाण्यात वेगळी पडत नाही.

ओल मोजणंही घरच्या घरी जमतं. पेलेट खलबत्त्यात भरड करून बरोबर १०० ग्रॅम पसरट ताटलीत घ्यायचे, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवायचे आणि तासातासाने वजन करायचं. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की जितके ग्रॅम कमी भरले तितके टक्के ओल. अख्खे पेलेट ठेवले तर आतली ओल निघायला फार वेळ लागतो आणि माणूस आधीच कंटाळून आकडा लिहून मोकळा होतो. आकडा चुकायचं नेहमीचं कारण हेच.

राखेसाठी निदान दहा किलोची जाळणी करावी. मूठभर जाळून काट्यावरची चूकच मोजली जाते. चूल आधी रिकामी, ब्रशने साफ. जळून झाल्यावर झाकून पूर्ण थंड होऊ द्यायची, मग राख काढून तोलायची. इथे काळी राख फसवते. काळेपणा म्हणजे न जळलेला कोळसा. तो राखेत धरला तर राख जास्त दिसते आणि फुकट गेलेली उष्णता डोळ्याआड होते. काळे तुकडे चाळणीने वेगळे करून त्यांचं वजन निराळं लिहावं. ते पुन्हा जाळून त्यांची राख मिळवली की खरा आकडा मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर तापमान पाहावं. जैविक इंधनाची राख ५५० अंशांवर काढायची पद्धत आहे. कोळशाच्या जुन्या भारतीय पद्धतीत ८१५ अंश. लाकडाच्या राखेत चुन्याचा कार्बोनेट बराच असतो आणि तेवढ्या उष्णतेत त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वजनाने शंभरात चव्वेचाळीस भाग. त्यामुळे एकाच पोत्याचे दोन अहवाल वेगळे आले तरी दोघंही खरे असू शकतात.

आता चुलीकडे. हॉटेलांतल्या पंख्याच्या पेलेट चुली बहुतेक वरून पेटवायच्या असतात. पेलेट वरच्या हवेच्या भोकांच्या खाली दोन बोटं राहतील एवढेच भरायचे, वर कापराच्या दोन वड्या आणि थोड्या ढलप्या ठेवून पेटवायचं, पंखा मंद. जाळ सगळ्या तोंडावर पसरला की पंखा वाढवायचा. खालून येणारी थोडी हवा पेलेट तापवून त्यांचा धूर काढते, वरच्या भोकांतून येणारी जास्त हवा तो धूर जाळते. भोकांच्या वर पेलेट भरले तर धूर जळायला जागाच राहत नाही आणि भांड्याचं बूड काळं होतं. मध्येच वरून ओंजळभर पेलेट टाकले तरी तेच. जाळ दबतो, धूर होतो. ज्या चुलीत एका भरण्यावर काम भागत नाही तिथे दुसरं नळकांडं भरून तयार ठेवणं किंवा स्क्रूने सतत पेलेट ढकलणारी भट्टी घेणं हाच उपाय.

स्क्रूच्या भट्टीत मात्र एक गोम असते. स्क्रू पेलेट वजनाने ढकलत नाही, मापाने ढकलतो. एका पोत्यातल्या पेलेटचं घनमीटरला वजन ७०० किलो आणि पुढच्या पोत्यातल्याचं ६०० असेल, तर त्याच सेटिंगवर भट्टीला चौदा टक्के इंधन कमी मिळतं. आचारी म्हणतो माल हलका आला, व्यापारी म्हणतो जीसीव्ही तीच आहे, आणि दोघंही बरोबर असतात. एक लिटरचं माप काठोकाठ भरून तोललं की वाद मिटतो: ६५० ग्रॅमच्या आसपास ठीक. चाळीस मिलिमीटरपेक्षा लांब पेलेट स्क्रूच्या तोंडाशी आडवे पडून अडकतात. आणि भुगा. तीन मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून किलोभर पेलेट चाळून खाली किती पडतं ते पाहावं. भुगा हवेची वाट बुजवतो आणि स्क्रूच्या खोबणीत ठासून बसतो.

राख नुसती जास्त असली तर त्रास उचलण्यापुरता. ती वितळली तर चूलच बंद पडते. पोटॅश आणि वाळू एकत्र तापली की काच होते. बांगड्यांची काच करतात त्याच जातीची ही क्रिया, चुलीच्या जाळीवर नको असताना घडलेली. लाकडाची चुनायुक्त राख हजार-बाराशे अंशांपर्यंत सहसा भुकटीच राहते. सोयाबीन, मका यांसारख्या पिकांच्या पोटॅशयुक्त राखेत माती मिसळली की ती सात-आठशे अंशांपासूनच चिकट होऊ लागते. मग सकाळी जाळीवर काळसर-हिरवट, भोकं पडलेला, काठाने तीक्ष्ण असा खडा सापडतो. कारागीर त्याला क्लिंकर म्हणतात. त्याने खालची भोकं बुजतात, हवा एका बाजूने घुसते, तिथे ताप आणखी वाढतो आणि खडा आणखी मोठा होतो. अशा वेळी पंखा वाढवायचा मोह होतो, तोच आवरायला हवा. खालची हवा कमी केली की जाळीवरचा ताप उतरतो. असा माल निम्मा भुशाच्या पेलेटमध्ये मिसळून जाळावा, प्रत्येक भरण्यानंतर जाळी खरवडावी आणि तापलेल्या बिडाच्या जाळीवर पाणी कधीही मारू नये, ती तडकते.

तूस इतक्या सहज वितळत नाही, पण त्याची राख हलकी आणि ढिगाने. दिवसाला २५ किलो जाळणाऱ्या चुलीतून भुशाच्या पेलेटची पाव किलो राख निघते, तुसाच्या पेलेटची साडेचार किलो. देशी दगडी कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते, म्हणून कोळशावर बेतलेल्या बॉयलरला तूस जड जात नाही. राख ओढून काढायची सोय त्याच्या अंगातच असते. लहान चुलीला ती नसते. तुसाची राख फुंकून उडवू नये, कारण जास्त तापलेल्या राखेतल्या सिलिकेची धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने आवरावी, तोंडाला मास्क.

शेवटी कोणता पेलेट किती काम करतो हे पाण्यावर कळतं. पातेल्यात १० लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, समजा २६ अंश. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. शंभरची वाट पाहू नये. ७२ अंश गुणिले १० किलो, म्हणजे ७२० किलोकॅलरी. एक किलो पेलेट संपेपर्यंत उकळू द्या आणि पाणी पुन्हा तोला. १.१ किलो कमी झालं असेल तर वाफेचे १.१ गुणिले ५४०, म्हणजे ५९४. एकूण १,३१४. पेलेट ४,००० चा असेल तर चुलीची कार्यक्षमता जवळजवळ ३३ टक्के. भारतीय मानक १३१५२ च्या २०१३ च्या आवृत्तीत पंख्याच्या चुलीला किमान ३५ आणि बिनपंख्याच्या चुलीला २५ टक्के मागितलेत, पण ते ठरावीक पद्धतीच्या चाचणीत. दोन पेलेटची तुलना करताना पातेलं तेच, झाकण तेच, जागा बिनवाऱ्याची, आणि प्रत्येकी निदान तीन वेळा. एका चाचणीवर निकाल देऊ नये.

आता भावाकडे येऊ. समजा भुशाचा पेलेट १४ रुपये किलो, ४,२५० चा. दुसरा मातीमिश्रित भुसकटाचा ११ रुपये, ३,८५० चा. हजार किलोकॅलरीला पहिला ३ रुपये २९ पैसे, दुसरा २ रुपये ८६ पैसे. दुसरा स्वस्त दिसतो. पण क्लिंकरने हवा कोंडून चूल ३५ ऐवजी २८ टक्क्यांवर आली, तर पातेल्यात पोचलेल्या हजार किलोकॅलरीला पहिला ९ रुपये ४१ पैसे आणि दुसरा १० रुपये २० पैसे. जाळी खरवडणाऱ्या पोराचा अर्धा तास यात धरलेलाच नाही. तो कुणीच धरत नाही, हे मला खटकतं. गॅसशी तुलना करायची तर एक किलो एलपीजीचं काम साधारण साडेचार किलो चांगले पेलेट करतात. १९ किलोच्या सिलिंडरच्या जागी ८५ किलोच्या आसपास पेलेट लागतात.

साठवण थोडक्यात: आत प्लास्टिकचं अस्तर असलेली पोती, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर दूर. पावसाळ्यात उघडं पोतं दोन आठवडे राहिलं की तळाशी पुन्हा भुसाच होतो.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. जाळ संपल्यावर चुलीत कोळसा उरतो आणि तो बिनधुराने, निळसर ज्योतीने जळत राहतो. धूर नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं. नेमक्या याच टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, त्याला वास नाही. निफाडचा पारा उतरतो त्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, त्या उघड्यावर असतात. तसे निखारे शेगडीत घालून खोलीची दारं-खिडक्या लावून झोपणं जिवावर बेततं. निखारे संपेपर्यंत चूल उघड्यावर किंवा धुराड्याखालीच राहिली पाहिजे.

राखेचं पुढे काय करायचं, हे ती कशाची यावर ठरतं. स्वच्छ लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं, नत्र नसतं. ती विम्लधर्मी असते आणि नाशिकच्या काळ्या जमिनी आधीच विम्लधर्मी, चुनखडीच्या. तिथे राखेचं पोतं उपडं करून फायदा नाही. पश्चिमेकडे, पेठ-सुरगाणा-इगतपुरीच्या जास्त पावसाच्या तांबड्या जमिनीत ती जास्त कामाची. त्या भागात भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे राखेची किंमत तिथे कुणाला समजावून द्यावी लागत नाही. युरियासारख्या खतात मिसळून मात्र टाकू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. भांडी घासायला, कडधान्याला चोळून ठेवायला हीच राख चालते. द्राक्षाच्या काड्यांची राख यातल्या कशालाच नको, प्लायच्या भुशाची तर नकोच.

राख काढली की ती पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, पूर्ण एक दिवस-रात्र ठेवावी. वरून गार लागणाऱ्या राखेच्या पोटात निखारा तासन् तास जिवंत राहतो. प्लास्टिकची बादली आणि कचऱ्याची गोणी दोन्ही तिने पेटतात. लाकडाच्या राखेचा डबा निराळा, काड्यांच्या राखेचा निराळा. झाकणावर खडूने तारीख, पेलेटचं नाव आणि किती किलो जाळले ते लिहावं. दुसऱ्या दिवशी डबा काट्यावर ठेवायचा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करायचं आणि पुढचं पोतं मागवायच्या आधी तो आकडा व्यापाऱ्याला कळवायचा.